पेढ्याचे पंचांग

परळी वैजनाथाचे दर्शन घेऊन आलेल्या मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "पेढा काय सुरेख होता हो!" दुसरा म्हणतो, "देव पावला, पण पेढा काही पावला नाही." गंमत अशी की पुष्कळदा दोघांचे दुकान एकच निघते. असा वाद कानावर आला की आमचा प्रश्न ठरलेला असतो : "आपण गेला होता कोणत्या महिन्यात?" माघात महाशिवरात्रीला जाऊन आलेला भाविक आणि मुलांच्या शाळा उघडण्यापूर्वी ज्येष्ठात घाईघाईने जाऊन आलेला गृहस्थ, हे एकाच दुकानातून दोन निरनिराळे पदार्थ घरी आणतात. दुकानदाराने दोघांनाही फसवलेले नसते. दोघांच्या पेढ्यांमध्ये फक्त चार महिने गेलेले असतात.

शहरातल्या गृहिणीला भाजीचे ऋतू तोंडपाठ असतात. मटार केव्हा घ्यावा, मेथी केव्हा कडू लागते, हापूस कधी खरा आणि कधी नुसता नावाचा, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. दूध तेवढे आपण बारमाही समजतो. पहाटे दारात पिशवी पडते, तिच्यावर स्निग्धांशाचा आकडा छापलेला असतो, आणि तो आकडा चैत्रातही तोच, कार्तिकातही तोच. त्यामुळे दूध हे कुणा जनावराने काही खाऊन, काही पिऊन दिलेले असते, आणि त्या जनावराला ऊन, पाऊस, थंडी लागते, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. दिवाळीच्या तोंडावर घरोघर खव्याची खरेदी निघते, तेव्हा हा विषय काढायला हरकत नाही.

आधी म्हशीपासून सुरुवात करू. कारण मराठवाड्यातला खवा म्हणजे मुख्यतः म्हशीचाच. या भागाची स्वतःची अशी मराठवाडी म्हैस आहे. बीड, परभणी, नांदेड, जालना या जिल्ह्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. म्हैस काळी, अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. म्हणून तिला ऊन सोसत नाही. ती डबक्यात डुंबते, ती काही चैन म्हणून नव्हे. अंगातली उष्णता टाकायला तिला दुसरा चांगला मार्ग नाही. परळीकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत म्हैस चारा कमी खाते, गाभण राहण्याचे लक्षणही धड दाखवीत नाही. थंडी पडू लागली की तिचे चित्त ठिकाणावर येते आणि पुष्कळशा म्हशी कार्तिकापासून माघापर्यंत गाभण राहतात. म्हशीचे दिवस दहा महिने आणि वर थोडे. बोटांवर मोजून पाहा : त्या वितात भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत. म्हणजे दिवाळीच्या सुमारास गोठ्यात रेडकू, बांधावर हिरवे गवत आणि चरवीत दूध, असा तिहेरी योग जुळून येतो.

आमच्या सणांचा क्रम ज्यांनी लावला त्यांना हे ठाऊक असावे, असा आमचा आपला एक तर्क आहे. भाद्रपद-आश्विनात शेजारणीकडून खरवसाचा चीक येतो. कोजागिरीला दूध आटवून चंद्राला दाखवायचे, ते दूध भरपूर असतानाच. आणि श्रीखंड पाडव्याचे! चैत्रात विरजण चार-पाच तासांत लागते. तेच पौषात लावावे तर सकाळी पातेले उघडून पाहावे लागते आणि आत दुधाचे दूधच! चुलीशेजारी ठेवा, गोधडीत गुंडाळा, तरी दह्याला जाग येत नाही. दही लावणाऱ्या सूक्ष्म जंतूंना ऊब लागते. पाडव्याला ती फुकट मिळते.

आता खव्याकडे वळू. खवा मुळात बनू लागला तो मिठाईच्या हौसेने की गरजेने? आम्हाला गरजेचे कारण जास्त पटते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याकडे आणि त्याला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील भूम-वाशीकडे, गावे लांब लांब, जमीन हलकी. बीड जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्याही आत. अशा ठिकाणी धार काढलेले दूध उन्हातून दूरच्या बाजाराला न्यायचे म्हणजे वाटेतच त्याचे दही व्हायचे. मग त्याच गावात भट्टी पेटवून दुधातले पाणी उडवून लावायचे. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. पाच लिटरचे ओझे एका किलोवर येते, आणि तासांत नासणारी वस्तू दिवस काढते. कुंथलगिरीच्या परिसरातला खवा आणि पेढा याच वाटेने नावारूपाला आला.

भट्टीवरचे काम पाहण्यासारखे असते. पसरट लोखंडी कढई, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या उलथण्याने सारखे ढवळत आणि खरवडत बसलेला माणूस. दूध तळाला लागले की सगळा घाणा गेला. आधी फेस येतो, मग दूध दाट होते, मग रंग किंचित बदलतो, आणि शेवटी तो गोळा कढईचा काठ सोडू लागतो. त्या घटकेला जाळ ओढून घ्यायचा. ही घटका घड्याळावर ठरत नाही. हवेवर ठरते, लाकडावर ठरते आणि त्या दिवशीच्या दुधावर ठरते.

पावसाळ्याचे घ्या. लाकूड ओले, जाळ मंद, धूर फार. धुराचा वास खव्यात उतरतो आणि वेलदोड्याची कितीही पूड घातली तरी जात नाही. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचे दूध भरपूर खरे, पण पातळ. त्यात कोवळा हिरवा चारा. म्हणजे तेवढ्याच दुधाला खवा कमी पडतो आणि आटवायला वेळ जास्त लागतो. शिवाय हवेतच ओल असल्यामुळे तयार खव्याला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून श्रावणातला शहाणा हलवाई खवा थोडा पुढे नेतो, म्हणजे चांगला परततो.

येथे दुसऱ्या वैद्यनाथाची आठवण होते. झारखंडातील देवघरलाही बारा ज्योतिर्लिंगांतले वैद्यनाथ आपलेच, असे म्हणतात. त्या वादात आम्ही पडत नाही. ते शास्त्री-पंडितांनी पाहावे. परंतु देवघरची मोठी यात्रा भरते ती ऐन श्रावणात, भर पावसात. लाखो लोक सुलतानगंजहून गंगेचे पाणी खांद्यावर घेऊन १०० किलोमीटरहून अधिक अंतर चालत येतात आणि परतताना प्रसादाचे पेढे नेतात. ते पेढे तांबूस, चांगले भाजलेले असतात. आपल्याकडचा साताऱ्याचा कंदी पेढा आणि कर्नाटकातला धारवाडचा पेढा हे त्याच जातीचे. भाजल्याने खव्यातले उरलेसुरले पाणी जाते, मग साखर आहेच. तो पेढा ओल्या हवेतही टिकाव धरतो. पांढरा मऊ पेढा दिसायला देखणा, पण श्रावणात त्याची संगत एक-दोन दिवसांचीच.

उन्हाळ्याची तऱ्हा याच्या उलट. लाकूड कडकडीत, जाळ भडकतो, आणि धार ते भट्टी एवढ्या वाटेत दूध आंबटपणाकडे झुकलेले असते. चवीला कळत नाही, कढईत कळते. आटता आटता ते फाटल्यासारखे होऊन कणी धरते. असा दाणेदार खवा पेढ्याला चालत नाही, पेढा वळताना भेगाळतो. पण कलाकंदाला तोच हवा असतो! ज्या दुकानात वैशाखात कलाकंद फार दिसतो, तेथे कारागिराची हौस किती आणि उन्हाची कृपा किती, हा विचार आमच्या मनात येतोच. त्यातून उन्हाळी खव्याला तूप सुटते, कागद तेलकट होतो. गिऱ्हाईक समजते, "वा, किती तूप!" आणि पौषातला खवा थंडीने घट्ट, कोरडा दिसतो, गिऱ्हाईक नाक मुरडते. वास्तविक पौषातल्यात तूप कमी असते असे नाही. ते गोठलेले असते, एवढेच.

या सगळ्यात उत्तम महिने कोणते विचाराल तर पौष आणि माघ. म्हैस व्याल्याला चार-पाच महिने झालेले असतात. दूध थोडे उतरलेले, पण दाट झालेले. नवा कडबा आणि सरकीची पेंड दावणीला आलेली. लाकूड सुके, हवा कोरडी, रात्री पारा १५ अंशांच्या खाली. सकाळी काढलेले दूध भट्टीवर गोडच पोचते, खवा मऊ पण कणीविरहित उतरतो, आणि पेढा वळला की वळला. महाशिवरात्रीला परळीच्या पायऱ्या चढून गेलेला तो पहिला भाविक पेढ्याची स्तुती का करीत होता, ते आता लक्षात येईल.

ही केवळ आपल्याकडची रड आहे असे मात्र नाही. इंग्लंडात दुधाची साठवण चीज करून करीत. आपण पाणी उडवायला अग्नीला बोलावतो. तिकडे दूध विरजवून, दाबून, कापडात गुंडाळून महिनोन्‌महिने थंड खोलीत ठेवतात. पण शेतावरच्या चीजलाही पंचांग होतेच. वसंतात गाई कुरणावर सोडल्या की काम सुरू आणि शरदाअखेर बंद. कुरणावरच्या गाईच्या दुधाचे चीज पिवळेधमक होई, गोठ्यात वाळले गवत खाणाऱ्या गाईचे फिकट. मग फिकट चीज खपवण्यासाठी त्यात शेंद्रीच्या बियांचा रंग घालण्याची युक्ती निघाली. उन्हाळ्याअखेरच्या दुधाचे स्टिल्टन मुरून नाताळाला ताटात येई. गरम दिवशी दूध लवकर आंबते म्हणून हात घाईने चालवायचा, थंड दिवशी दमाने घ्यायचे, हे तिथल्या शेतकरणींना अंदाजानेच करावे लागे. एकोणिसाव्या शतकात सॉमरसेट परगण्यातल्या जोसेफ हार्डिंग या शेतकऱ्याने चेडर चीज करताना उष्णतामापक वापरण्याचा आणि स्वच्छतेचा आग्रह धरला आणि या अंदाजाला मोजमापाची जोड दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सरकारने रेशनसाठी बहुतेक दूध एकाच ठरावीक चेडरकडे वळवले, तेव्हा गावोगावची पुष्कळ जुनी चीजे मागे पडली ती पडलीच.

पिवळेपणाचे हे रहस्य आपल्या तुपातही आहे. हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग गाईच्या दुधात उतरतो; म्हैस त्याचे जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे लोणी पांढरे. परळीच्या आसपास लाल कंधारी गाय पाहायला मिळते. तिचे आश्विनातले तूप आणि वैशाखातले तूप दोन बरण्यांत शेजारी ठेवले तर रंगातला फरक मुलांनाही दिसेल. चाऱ्याने फक्त रंगच बदलतो असेही नाही. सरकी खाणाऱ्या जनावराचे तूप अधिक घट्ट, अधिक रवाळ होते. ही गोष्ट कायद्यालाही मान्य करावी लागली. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांत तुपाच्या कसोट्या ठरवताना महाराष्ट्रातल्या कापूसपट्ट्यासाठी आकडे निराळे धरले होते. नाही तर सरकी खाणाऱ्या म्हशीचे अस्सल तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरले असते! म्हशीने काय खाल्ले, याची नोंद सरकारी नियमात व्हावी, याचे आम्हाला मोठे कौतुक वाटते.

मग पिशवीतल्या दुधाचा ऋतू गेला कुठे? त्याची हकीकत गुजरातेत आणि मुंबईत घडली. आणंदच्या खेडा जिल्हा संघाचे दूध मुंबई दूध योजनेला जाई. हिवाळ्यात म्हशी भरभरून दूध देत आणि मुंबईला तेवढे नको असे. उन्हाळ्यात मुंबईला हवे आणि म्हशी आटलेल्या. हिवाळ्यातले जादा दूध घेऊन शेतकऱ्याने करायचे काय? या पेचातून दुधाची भुकटी करण्याचा कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही असे परदेशी जाणकार सांगत असताना हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हिवाळ्याचे दूध भुकटी होऊन उन्हाळ्यात पुन्हा दूध होऊ लागले. १९७० मध्ये दुग्धमहापूर योजना आली आणि हा हिशेब देशभर पसरला. शेतकऱ्याला हिवाळ्यात भाव मिळाला, शहरातल्या तान्ह्या मुलांना उन्हाळ्यात दूध मिळाले. यात वाईट म्हणण्यासारखे काही नाही. मात्र आपल्या जिभेला बाराही महिने एकच चव लागते अशी सवय जडली, आणि तीच अपेक्षा आपण पेढ्याकडूनही करू लागलो. वैशाखातही पौषासारखा पांढराशुभ्र पेढा द्या, असे गिऱ्हाईक म्हणू लागले की हलवायाने तो आणायचा कुठून? कुणी भुकटीचा खवा करतो, कुणी त्याहून वाईट काही करतो.

१९६५ मध्ये पश्चिम बंगालच्या सरकारने दूध वाचवण्यासाठी छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती. रसगुल्ल्याच्या मुलखात हे धाडस! हलवायांचे आणि गिऱ्हाइकांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

बीडकडे तर ऋतू एवढ्यावरच थांबत नाही. तेथे पाऊस दगा देतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरांत आहेत. अलीकडचे सांगायचे तर फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते, आणि २०१५ मध्येही तीच वेळ आली. जेथे वीजकेंद्राला पाणी मिळत नाही तेथे म्हशीला कोण विचारतो? एका दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरहून अधिक पाणी लागते, आणि डुंबायचे पाणी वेगळेच. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात गावोगाव चारा छावण्या उघडल्या होत्या. शेतकरी जनावरांसकट माळावर राहायला गेले. छावणीतल्या म्हशीने जीव धरला हेच पुष्कळ. दुधाचे नाव कशाला? ज्याला छावणीही साधली नाही त्याने म्हैस बाजारात उभी केली, आणि दुष्काळात विकणारे फार व घेणारे थोडे, तेव्हा ती कोणत्या भावाने गेली असेल हे सांगायला नको. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी त्या घरची दिवाळी दुधाशिवायच. वगार विकत घेऊन ती वाढून व्यायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे एका वर्षीच्या कोरड्या आभाळाचा परिणाम खव्याच्या बाजारात कित्येक दिवाळ्या टिकतो. गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त वाढलेला भाव.

आणि नेमक्या अशाच वर्षी बाजारात खवा मात्र कमी दिसत नाही! म्हशी कमी, दूध कमी, पण दिवाळीत परातीच्या पराती भरलेल्या. म्हणून गृहिणींनी दिवाळीचा खवा घेताना आधी गेल्या पावसाळ्याचा विचार करावा. पाऊस बरा झाला असेल तर कार्तिकात खवा मुबलक असणे स्वाभाविक आहे. पावसाने पाठ फिरवली असेल आणि तरीही खवा स्वस्त मिळत असेल, तर घरी आणल्यावर एक छोटी परीक्षा करून पाहावी. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळावा, पूर्ण गार होऊ द्यावा, आणि मग त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला की त्यात पीठ आहे असे समजावे. गरम असताना थेंब टाकू नयेत. रंग उमटत नाही आणि विनाकारण समाधान होते. परीक्षेचा खवा अर्थातच टाकून द्यावा. चोळून पाहणे ही जुनी परीक्षाही चांगली : तळहातावर चोळल्यावर तुपाचा ओशटपणा आणि दुधाचा गोडसर वास राहिला पाहिजे. कायद्याप्रमाणे खव्यातला पाण्याचा अंश वगळून जे उरते, त्यात किमान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. मात्र थंडीत ही परीक्षा करताना खवा आधी हाताच्या उबेवर नरम होऊ द्यावा, नाहीतर चांगल्या मालावर आळ यायचा.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या परातीवरही 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' अशी पाटी लावणे दुकानदारांना सक्तीचे झाले. पाटी वाचावी, पण वाचताना महिनाही आठवावा. दिवाळीच्या आसपास पाऊस लांबला असेल आणि हवा दमट असेल तर खवा त्याच दिवशी परतून घ्यावा. करंज्यांच्या सारणात कच्चा खवा घालण्याची घाई अशा वर्षी करू नये. गावी धाडायचे पेढे असतील तर तांबूस, भाजलेले पाहून घ्यावेत. आणि पांढरा मऊ पेढाच ज्यांना हवा आहे, त्यांनी थोडा धीर धरावा. भाऊबीज झाली की थंडी पडू लागेल, कापूस वेचला जाऊन सरकीची पेंड दावणीला येईल, आणि बालाघाटातल्या भट्ट्यांवरचा खवा दर पंधरवड्याला सुधारत जाईल. महाशिवरात्रीला परळीला जाण्याचा बेत असेल तर डबा थोडा मोठा न्यावा.